चष्मा, एक नग

चिखली
८ जुलै

चि. अपेक्षा,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर एकच टिक येते. त्याचा अर्थ काय ते शेजारच्या मुलाने मला समजावून सांगितलंय. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. नाशिकचा पत्ता मामाकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, मी दोन दिवस त्याला नुसतं भंडावून सोडलं होतं.

त्या दिवाळीबद्दल एकदाच लिहिते आणि विषय संपवते. तुझे कपडे धुवायला काढताना खिशात ती डॉक्टरची चिठ्ठी सापडली. झोपेच्या गोळ्या, वर मनाच्या डॉक्टरांचं नाव. कोणती आई गप्प बसली असती? मी घाबरले आणि मेहकरच्या आत्याला सांगितलं. तिने पुढे गावभर केलं आणि पाडव्याला अंगाऱ्याची पुडी घेऊन दारात हजर झाली, त्याला मी काय करणार? तू त्याच सकाळच्या बसने गेलीस. दोन वर्षं झाली. असो.

शाळेचं सांगते. तुझे बाबा ऐकता ऐकता पेपर उघडतात, तू निदान पेपर उघडणार नाहीस. आमच्या शाळेच्या संडासामागे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्या सापडल्या. मुख्याध्यापक इंगळे सरांनी व्यवस्थापन समितीची सभा बोलावली. कोणाची पोरं खातात हे सगळ्यांना ठाऊक होतं, दोघांचे बाप तर तिथेच खुर्च्यांवर बसले होते. पण नाव कोण घेणार? अध्यक्ष उकंडराव बोलले, "एकाचं दप्तर पाह्यलं त त्याचा बाप भांडाले येईन. माह्याच पोट्ट्यावर संशय काऊन, म्हनीन. त्यापेक्षा सरसकट करा. रोज, साऱ्याईचं. कोनाचं नाव नाई, कोनाचा राग नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, मीही डोलावली. शहाणपणाचं वाटलं मला ते.

मग कोणीतरी म्हणालं, आणि मुलींचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाळेत बाई मी एकटीच. मी म्हटलं, मला हे जमायचं नाही. इंगळे सर चिडले नाहीत की दटावलं नाही, शांतपणे म्हणाले, "ठीक आहे मॅडम, मग मुलींचं मी बघतो, नाहीतर शिपायाला सांगतो." आता यावर मी काय बोलणार होते? म्हटलं, राहू द्या, मी करते.

एकसष्ट मुली आहेत. उद्यापासून सुरू.

आई


२७ ऑगस्ट

अपेक्षा,

पहिलं पत्र परत आलं नाही. यात मी माझा काय अर्थ काढायचा तो काढला आहे.

तपासणी गॅदरिंगच्या हिरव्या पडद्यामागे होते. पडद्याला अजून गेल्या वर्षीच्या नाटकाचे चंद्र चिकटलेले आहेत. आत एक टेबल आणि मी. मुली एकेक करून येतात, दप्तर ओततात, मी चाचपते, त्या भरतात आणि जातात. बाहेर शिपाई रजिस्टर घेऊन बसतो. सकाळची पस्तीस मिनिटं यात जातात आणि मराठीचा पहिला तास पार बोंबलतो.

खर्रा एकदाही सापडला नाही. मुलांकडेही नाही. खाणाऱ्यांनी पुड्या शाळेबाहेरच्या कडुनिंबाखाली ठेवायला सुरुवात केली, संपला प्रश्न. आता तपासणी कशासाठी चालते ते कोणी विचारत नाही, कारण ठराव झालेला आहे.

पण मला मात्र बरंच सापडतं. पेपरात गुंडाळलेलं कापड, जे मी पाहू नये म्हणून मुलगी माझ्याऐवजी भिंतीकडे बघते. गेलेल्या बापाचा फोटो. एकीच्या कंपासपेटीत पोलीस भरतीच्या जाहिरातीचं कात्रण, चारदा घडी घातलेलं. मला यातलं काहीच बघायचं नसतं. तरी माझा अंगठा आता आपोआप आतल्या कप्प्याच्या चेनवर जातो. स्वतःचा अंगठा बघून मला राग येतो.

परवा नववीतली अश्विनी उभी राहिली. भयंकर चुणचुणीत पोरगी, उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

"मॅडम, आमच्यावर संशय हाये का?"

"नाही गं."

"मंग काऊन पाहून राह्यल्या?"

"संशय नाही म्हणूनच सगळ्यांचं बघतो," मी म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच टेबलावरची पुस्तकं तिच्या दप्तरात भरायला लागले. हाच प्रश्न तू मला विचारला होतास, चपला घालता घालता. 

एक मजा सांगते. रजिस्टरात मी सुरुवातीला रोज "शून्य" लिहायला सांगायची. सर म्हणाले, "शून्य लिहू नका मॅडम, वरून विचारतात की तपासणी खरंच करता का." मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, घ्या मग! नावासकट सगळं लिहायला सांगितलं. तुटका कंगवा, एक. चिंचोके, सात. ओला मोजा, डावा, एक. दहावीच्या अर्पिताकडे चष्मा, एक नग. सर हे वाचतील, लाजतील आणि सगळा प्रकार बंद करतील असं मला वाटलं होतं. तुझी आई अशी हुशार.

आई


१६ सप्टेंबर

अपेक्षा,

सर लाजले नाहीत. त्यांना रजिस्टर फार आवडलं. शनिवारच्या पालकसभेत त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, शाळा किती बारकाईने लक्ष ठेवते हे कळावं म्हणून. लोक हसले. ओल्या मोज्याला तर उकंडरावांनी टाळी दिली. मीही हसत होते. मग सरांनी वाचलं, "अर्पिता गोविंदा, इयत्ता दहावी, चष्मा, एक नग," आणि मागच्या ओळीतला एक माणूस हसायचा थांबला.

गोविंदा हा अर्पिताचा बाप. अमडापूर रस्त्याला त्यांचा मळा आहे, वांगी-कोथिंबीर करतात. आरोग्य तपासणीची गाडी शाळेत आली तेव्हा अर्पिताला लांबचं दिसत नाही असं निघालं होतं. गोविंदाने तेव्हाच सांगितलं होतं, चष्मा नको. दहावी झाली की तिला स्थळं दाखवायची आहेत, चष्म्याच्या पोरीला पाहुणे नाक मुरडतात. गाडीवाल्यांनी तरी पुढच्या फेरीत चष्मा शाळेत देऊन टाकला. पोरगी घरी लपवायची आणि वर्गात घालायची. त्यांच्या मळ्याकडून शाळेत येणारी ती एकटीच, त्यामुळे घरी काही कळलं नाही. वर्गातल्या पोरींना सगळं माहीत होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. मला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

सोमवारी गोविंदा आला. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून निळी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"सरकारी वस्तू हाये म्हनते. फेकता बी येत नाई. तुमीच जमा करून घ्या."

मी म्हटलं, "दादा, तिला फळ्यावरचं दिसत नाही हो."

"घरचं सारं दिसते तिले," तो म्हणाला आणि हात जोडून निघाला.

त्या दिवसापासून अर्पिता शाळेत आलेली नाही. दहावीचं वर्ष आहे, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही. मी सरांना सांगितलं, हे आपल्यामुळे झालं. ते म्हणाले, "आपण कुठे काय केलं? जे होतं तेच लिहिलं ना." मी म्हटलं, तपासणी बंद करा. ते म्हणाले, ठराव आहे. मी म्हटलं, मग मी करणार नाही. ते म्हणाले, "बरं. शिपायाला सांगू?"

मंगळवारी मी पुन्हा पडद्यामागे उभी होते.

आई


९ ऑक्टोबर

अपेक्षा,

आज खरं लिहायचं ठरवून बसले आहे. चहा दोनदा गार झाला.

अर्पिताने मला सांगितलं होतं. त्या दिवशी टेबलापाशी ती हळूच म्हणाली होती, "मॅडम, हे नका लिवू न." मी हसले. "अगं, चष्म्याला कोण काय म्हणतं!" असं म्हणून मी शिपायाला ओरडून लिहायला सांगितलं. सरांना लाजवायची मला एवढी घाई झाली होती की समोरच्या मुलीच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. मागच्या पत्रात मला काही ठाऊक नव्हतं असं लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. कारण माहीत नव्हतं. पण ती नको म्हणाली होती. तेवढं पुरे होतं.

आणि आता दुसरं. तुझी चिठ्ठी कपडे धुवायला काढताना सापडली नाही. तू अंघोळीला गेली होतीस. तुझी बॅग पलंगावर होती. मी आतल्या कप्प्याची चेन उघडली. मला कसलाही संशय नव्हता गं. तू फोनवर कमी बोलायला लागली होतीस आणि मला राहवलं नाही, इतकंच. चिठ्ठी वाचली, पुन्हा होती तिथे ठेवली आणि संध्याकाळी आत्याला फोन केला. आत्याने पुढे केलं असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आले. सुरुवात मी केली होती. तू निघालीस तेव्हा ती चिठ्ठी माझ्या अंगावर फेकून गेलीस. ती माझ्या पर्समध्ये आहे, आतल्या कप्प्यात. का ठेवली ते मलाही नीट सांगता येत नाही.

तुझ्या बाबांना हे अजून माहीत नाही. सांगीन.

गेल्या आठवड्यात मी मळ्यावर गेले. अर्पिता कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. माझ्याकडे तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि मी जवळ गेल्यावरच ओळखलं. तिची आई भिमाबाई, एकदम अबोल बाई, चहा ठेवून चुलीपाशीच बसून राहिली. मी गोविंदासमोर अक्षरशः पदर पसरला. शेवटी तो बोलला, "येऊ द्या तिले शाळेत. दहावी झाली त स्थळाले बी बरं दिसते. पन तो चष्मा नाई. माह्या कानावर आलं त त्याच दिवशी शाळा बंद."

अर्पिता मला बांधापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, चुकलं माझं. तिने हाताला चिकटलेली कोथिंबीर झटकली. मग म्हणाली, "मॅडम, तुमी म्हनल्या व्हत्या कोन काय म्हनते."

डबी मी सरांकडे जमा केली नाही. ती माझ्या पर्समध्ये असते. सकाळी पडद्यामागे अर्पिता आली की मी तिचं दप्तर चाचपते आणि डबी आत सरकवते. शेवटच्या तासाला ती वही दाखवायच्या निमित्ताने परत देते. गंमत बघ, सगळ्या शाळेत कोणी बघत नाही अशी जागा ती एकच उरली आहे. म्हणजे आता मला तपासणी सोडताही येत नाही. मी सोडली तर तिथे शिपाई उभा राहील आणि चष्मा सापडेल.

रोज एकसष्ट पोरींचे कप्पे उघडते, एकीसाठी. बाकीच्या साठ जणींना हे कुठे माहीत आहे? त्यांच्यासाठी मी तीच आहे, चेन उघडणारी बाई.

आई


६ डिसेंबर

अपेक्षा,

दिवाळीला तू येशील असं वाटलं नव्हतं, तरी करंज्या जास्तच केल्या.

आठ दिवसांपूर्वी गणिताच्या सरांचा फोन वर्गात वाजला. पालकांनी गलका केला, पोरांचं पाहता मग मास्तरांचं काऊन नाई? उकंडराव तयारच होते. सरसकट म्हणजे सरसकट. ठराव झाला. मला ते सोमवारी सकाळी फाटकातच कळलं. मी पर्स घट्ट धरली. डबी आत होती.

इंगळे सर म्हणाले, "मॅडम, तुमची पर्स पुरुषाने बघणं बरं दिसत नाही. म्हणून समितीच्या महिला सदस्यांना बोलावलंय." पडद्याजवळ भिमाबाई उभी होती. अर्पिताची आई. जुलैमध्ये महिला सदस्य कमी पडत होत्या म्हणून सरांनी तिचं नाव घातलं होतं. सभेत ती कधी बोलली नाही, फक्त सही करायची.

मला घरी विसरलं म्हणता आलं असतं, पोट दुखतंय म्हणता आलं असतं. काहीच सुचलं नाही. पडद्याबाहेर सर आणि शिपाई रजिस्टर उघडून बसले होते, त्यांच्यामागे मुलींची रांग होती. रांगेत अर्पिता होती. डबी सापडली असं नुसतं लिहिलं गेलं असतं, पुढच्या सभेत वाचलं गेलं असतं, आणि त्या दिवशी तिची शाळा संपली असती. परीक्षेला तीन महिने उरले असताना.

मी आत गेले आणि रोज पोरी उभ्या राहतात त्या जागी उभी राहिले. अपेक्षा, तिथून टेबल फार उंच वाटतं गं.

भिमाबाईने हात पदराला पुसले. एकेक वस्तू काढून ती बाहेर ऐकू जाईल असं सांगत होती. "कंगवा, एक. रुमाल, एक. बीपीच्या गोळ्या, एक पाकीट." मग आतल्या कप्प्यापाशी तिचा हात थांबला.

"हे उघडू का, मॅडम?"

पाच महिन्यांत मी हे एकीलाही विचारलेलं नाही. तुलाही विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

तिने घडी घातलेला कागद बाहेर काढला. सर बाहेरून म्हणाले, "कसला आहे बघा." भिमाबाई शाळेत सहावीपर्यंत गेलेली आहे, तिला वाचता येतं. तिने घडी न उघडता कागद परत ठेवला. "घरचा कागद हाये सर. लिवाले काही नाई त्यात." आणि चेन लावली.

मग डबी. तिने ती उघडली. लालसर चौकट, उजवी काडी दोऱ्याने बांधलेली. माझा स्वतःचा चष्मा माझ्या नाकावर होता. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग डबीकडे. 

"चष्मा, एक नग," ती मोठ्याने म्हणाली.

"कोणाचा?" सरांनी विचारलं.

"मॅडमचा. दुसरा कोनाचा असन?"

शिपायाने लिहिलं. तिने डबी बंद करून पर्समध्ये खाली, रुमालाखाली ठेवली. मी कुजबुजले, "भिमाबाई, तुम्हाला सांगायला हवं होतं मी."

"मले ठाऊक व्हतं," ती तितक्याच हळू म्हणाली. "जुलैपासून. डब्याच्या पिशवीत राहे. रोज डबा भरताना हाताले लागे."

"मग तुम्ही तिला काही बोलल्या नाहीत?"

"काय बोलाचं? तिनं लपोला म्हंजे तिले लपवाचा असन. म्या आपलं भाकरीचं फडकं वरून नीट घालत जाव, काच फुटू नये म्हनून." पडदा बाजूला करता करता ती थांबली. "परीक्षेपावतर ठेवा तुमच्यापाशी. मंग पाहुने येनार हायेत. मंग माह्या हातात काही नाई."

ती गेली. मग पहिली मुलगी आत आली आणि मी तिचं दप्तर उघडलं, कारण रांग उभी होती आणि घंटा झाली होती. पण आधी विचारलं, उघडू का? ती इतकी गोंधळली की हसायलाच लागली. नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. ठराव तसाच आहे. मार्चपर्यंत मी त्या पडद्यामागे आहे, पुढचं पुढे.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ते भाकरीचं फडकंच आहे. तिलाही भीती वाटली असेल. नवऱ्याची, पोरीच्या डोळ्यांची, पाहुण्यांची. माझ्यापेक्षा जास्तच. तरी डबा भरताना तिने रोज फडकं नीट घातलं आणि पाच महिने तोंड उघडलं नाही. तुझ्या गोळ्या मला सापडल्या तेव्हा मी रोज तुझ्यासाठी रात्रीचं दूध गरम करून ठेवू शकले असते. तू सांगशील तेव्हा ऐकू शकले असते. मला हे सुचलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

चिठ्ठी सोबत परत पाठवते आहे. मी ती वाचलेली आहे, त्याला आता इलाज नाही. माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नव्हता, एवढं मात्र कळलं. तुझ्या बाबांना मी काल सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी पेपर उघडला नाही.

मघाशी चिठ्ठी पाकिटात सरकवत होते तेव्हा त्यांनी विचारलं, आत काय आहे?

मी म्हटलं, "अपेक्षाचं आहे."

आई